वहिनीचा श्वेतबटू

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या खामगावात हवा पांढरी होते. धुकं नव्हे. जिनिंगमधून सुटलेले रुईचे बारीक तंतू रस्त्यावर येतात आणि जागा मिळेल तिथे बसतात. विजेच्या तारांवर, बाभळीच्या काट्यांवर, दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर, म्हशींच्या पापण्यांवरसुद्धा. कापसाने फुगलेल्या बैलगाड्या जिनिंगच्या फाटकाबाहेर रांग लावून उभ्या असतात आणि गाडीवान गाडीखाली घोंगडी अंथरून भाकरी खात असतात. तेलाच्या मिलकडून सरकीचा उबट, जाड वास येतो. इथे राहणाऱ्यांना तो वास येत नाही म्हणतात. मला दर हिवाळ्यात पहिल्या दिवशी येतो. मग दिवसभर मी गप्प असते. आई म्हणते, हिला थंडी बाधते.

थंडी नाही बाधत. तो एक हिवाळा बाधतो, दादाचं लग्न झालं तो.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या की हेव्याचा रंग हिरवा असतो. इंग्रजीत तसं म्हणतात. मी तेव्हाही बाकावर बसून मनात म्हणायचे, आमच्याकडे हिरवा म्हणजे हरभऱ्याचा घाटा, हुरड्याची ज्वारी, पहाटेच्या दवातली मेथी. इतक्या चांगल्या वस्तूंचा रंग हेव्याला कशाला द्यायचा? माझ्या ओळखीचा हेवा पांढरा आणि कोरडा आहे. रुईच्या धुळीसारखा तो घशात जाऊन बसतो. खोकून निघत नाही, पाण्याने खाली उतरत नाही.

वहिनी वडनेर भोलजीची. तिच्या घरी भाजीपाल्याचं रान, वांगी, टोमॅटो, कोथिंबीर, आणि उरलेल्या जमिनीत ज्वारी नि कापूस. गावच्याच शाळेत शिकली, मग नागपूरला गेली, तिथून पुण्याला एका संस्थेत ताऱ्यांवर संशोधन करायला लागली. दादा पुण्यातच नोकरीला. लग्न झालं आणि दादा आठवडाभराने कामावर परत गेला. वहिनी पहिल्या संक्रांतीपर्यंत सासरी राहणार असं ठरलं. येताना तिच्यासोबत एक ट्रंक होती. वरच्या अर्ध्या भागात साड्या, खालच्या अर्ध्या भागात कागद.

इतकी वर्षं पुण्यात राहून तिने बोलण्यातला एक शब्द बदलला नव्हता. 'मले', 'तुले', 'काऊन', सगळं जसंच्या तसं. मी उभ्या जन्मात खामगाव सोडून राहिले नव्हते आणि 'मला, तुला' बोलायचे. सिस्टरांनी लावलेली सवय. आई, बाबा आणि वहिनी जेवायला बसले की त्यांचं बोलणं एका सुरात चालायचं आणि मी काही मागितलं की पाहुणीने मागितल्यासारखं वाटायचं. "मला वरण" म्हटलं की आई वाढायची, पण वहिनीने "आई, मले थोडंसं वरन" म्हटलं की हसून वाढायची. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी होती. तरी मी नणंद म्हणून मला 'ताई' आणि 'तुमी' म्हणायची. तेही मला लागायचं. मानाने बोलणाऱ्या माणसावर रागावता येत नाही.

तोवर घरातली हुशार मी होते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय फिजिक्स. बाबांचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं दुकान. बाजारातले लोक इंग्रजीत आलेला कागद घेऊन घरी यायचे, मी तो वाचून अर्थ सांगायचे आणि आत निघून जायचे. बाबा मागून म्हणायचे, "आमची पोरगी बोलत नाई, पन तिले सारं येते." हे वाक्य मला फार आवडायचं. पुण्याला एम.एस्सी.ला जायचं हेही मनात होतं. ते मी कोणाला बोलले नव्हते. कोणीतरी विचारेल, मग सांगू, असं मी धरून चालले होते.

वहिनी कोणी विचारायची वाट बघत नसे. आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने बाबांना सांगितलं, "बाबा, मले कागद पसराले एक टेबल लागन." बाबांनी त्याच संध्याकाळी दुकानातलं टेबल हातगाडीवर घालून आणलं. त्याचा एक पाय आखूड होता म्हणून त्याखाली स्वतः लाकडाची चकती ठोकली. मी त्या घरात कित्येक वर्षं जमिनीवर बसून, मांडीवर पाट ठेवून अभ्यास केला. बाबांच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. मी मागितलं नव्हतं एवढंच. हे पटायला मला कितीतरी काळ लागला, आणि अजूनही दर हिवाळ्यात पुन्हा पटवून घ्यावं लागतं.

त्या दिवसांत जेवणं लवकर व्हायची. मग शेकोटीसाठी तुरीच्या काड्या घेऊन आम्ही गच्चीवर जायचो. एकदा वहिनीने आग्नेयेला बोट दाखवलं. "बाबा, तो व्याध. दिसाले एकच दिसते, पन दोघं हायेत ते. एक असा झगमग, अन् त्याच्या बाजूले एक बुटका, पांढरा. नुसत्या डोळ्यानं दिसत नाई. तो कवाच मेला, फक्त गाभा उरला. त्याले श्वेतबटू म्हनतात."

बाबा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "पाह्य बरं. इतके सालं याच गच्चीवर बसून राह्यलो अन् कोनी सांगतलं नाई."

मला ते माहीत होतं. कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात वाचलं होतं, चित्रासकट. मी त्याच गच्चीवर, त्याच काड्यांच्या उबेला, त्याच ताऱ्याखाली किती हिवाळे बसले होते, आणि दरवेळी तो वर आला की मनात म्हणायचे, तुझ्या शेजारी कोण आहे ते मला ठाऊक आहे. ते माझं होतं. वहिनीने ते दोन वाक्यांत सगळ्यांचं करून टाकलं. मी काडीने निखारे उकरत बसले. धूर माझ्याकडे आला तेव्हा बरं वाटलं, डोळ्यांतून पाणी यायला कारण मिळालं.

तिचं स्वतःचं काम अशाच एका श्वेतबटूवर होतं, पण व्याधाच्या सोबत्याहून फार दूरच्या आणि फार मंद. तिने आईला ते समजावून सांगितलं तो दिवस आठवतो. आई मुगवड्या घालत होती, वहिनी तिला मदत करत होती आणि मी पायऱ्यांवर बसून पुस्तक वाचल्यासारखं करत होते. वहिनी म्हणाली, आकाशात काही मेलेले तारे असे असतात की स्वतःभोवती सेकंदाला शेकडो वेळा गरगर फिरतात. त्यांना पल्सार म्हणतात. रेडिओच्या दुर्बिणीला त्यांची टकटक ऐकू येते. इतके जोरात फिरणारे एकटे नसतात बहुधा. त्यांच्या सोबतीला दुसरा तारा असतो. तो म्हातारपणी फुगला तेव्हा पल्सारने त्याच्या अंगावरचं ओढून घेतलं, आणि त्या ओढण्यानेच पल्सारचा वेग वाढत गेला. दुसऱ्याचा उरला पांढरा गाभा. तो काही बोलत नाही, टकटक करत नाही. पल्सारची टकटक कधी जरा लवकर येते, कधी जरा उशिरा, त्यावरून कळतं की शेजारी कोणीतरी त्याला पुढेमागे ओढतंय. पण तो स्वतः दिसायचा तर प्रकाशातच दिसणार. मोठ्या दुर्बिणीतून, तेही दिसला तर.

आई वडी थापत म्हणाली, "मेला ना तो? मंग त्याचं तुले काय कराचं हाय?"

"मेला, पन पुरा थंड नाई झाला अजून. आई, तुमी सकाळी चुलीत हात घातला अन् राख कोमट लागली, तं समजते ना चूल कवा विझली ते? तसंच. तो किती थंड झाला ते पाह्यलं का त्या जोडीचं वय निंगते."

"लगन लावाचं हाय काय त्यायचं, वय काढून?"

"लगन झालंच हाय. एकाच घरात हायेत दोघं. एकानं दुसऱ्याचं सारं खाल्लं."

ओसरीवरून बाबा म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखंच."

"कोनं कोनाचं खाल्लं ते सांगू काय आता सुनेसमोर?" आई म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की वहिनीच्या हातून वड्यांचं पीठ सांडलं. मीही हसले, पण उशिरा. हसणं संपत आलं तेव्हा.

राखेची उपमा मला सुचली नसती. मला समीकरण येत होतं. सुचली असती तरी मी आईला सांगितली नसती.

हेव्याबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. दूरच्या माणसाचा हेवा वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या मुली काय काय करत असतील, त्याचा मला कधी त्रास झाला नाही. हेव्याला एक घर लागतं, एक चूल, एक आरसा. ज्या दांडीवर माझी ओढणी वाळत होती तिच्यावरच तिची साडी. वहिनी पुण्यातच राहिली असती तर मी तिचं कौतुक केलं असतं, मैत्रिणींना सांगत फिरले असते. ती जवळ आली, इतकंच तिचं चुकलं.

संक्रांत जवळ आली. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवतात, हलव्याचे दागिने घालतात, बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. आईने साडी घेऊन ठेवली होती. हलव्याचे दागिने ओळखीच्या एका काकू करून देणार होत्या. आणि मग दुकानात दादाचा फोन आला. दक्षिणेकडच्या डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीवर वहिनीला वेळ मिळाला होता. दोन-तीन रात्री. त्या वर्षी संक्रांतीला लागूनच अवस होती आणि तिला मिळालेल्या रात्री नेमक्या त्याच होत्या.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात जे झालं ते मला शब्दाशब्दाने आठवतं. आई भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होती. हाताला पीठ होतं म्हणून कोपराने दाखवत होती.

"पयली संक्रांत. अन् अवस. नवी सून अवसेले घराबाहेर काढाची? लोक काय म्हनतीन?"

"आई, चंद्र असला का आभाय उजळते, मंग तो दिसत नाई," वहिनी म्हणाली. "आमच्या कामाले अवसच लागते."

"भुतायलेबी अवसच लागते."

बाबा हसले नाहीत. बाबा हसले नाहीत म्हणजे प्रश्न खरा होता. वहिनी भाकरी थापायची थांबली होती. तिने सांगितलं की हा वेळ वर्षाकाठी एकदा मिळतो, पुन्हा मागितला तर मिळेलच असं नाही, आणि त्या ताऱ्याचं काम झालं नाही तर तिचे सर तिला दुसरा विषय घ्यायला सांगतील. हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. मागूनही मिळत नाही असं काही असतं, हे तिला त्या घरात प्रथमच कळत होतं. आणि माझ्या घशातली धूळ त्या क्षणी जराशी खाली बसली, हेही मी लिहून टाकते.

बाबा माझ्याकडे वळले. "तू सांग. तूबी तेच शिकून राह्यली. पुनवेले गेलं तं नाई काय चालत?"

घरात सगळे माझ्याकडे बघत होते. मला सवय नव्हती. 'चालेल' हा एक शब्द जिभेवर पूर्ण तयार होता आणि त्यात धडधडीत खोटंही नव्हतं. पुष्कळ तारे पुनवेलाही दिसतात. कोणी तपासणार नव्हतं. वहिनी परातीकडे बघत होती.

"नाही चालत, बाबा," मी म्हणाले. "अवसच लागते."

यात मोठेपणा नव्हता. मला तिचं भलं करायचं नव्हतं. मला फिजिक्सचं उत्तर चुकवायचं नव्हतं. बाबा म्हणायचे ना, तिले सारं येते. तेवढं एकच माझ्याकडे उरलं होतं.

"दोघी शिकलेल्या एक झाल्या," आई म्हणाली. पण बाबांनी तोवर मार्ग काढला होता. "संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपरेंत चालते ना? मंग रथसप्तमीले कर. अन् अवसेले ती गाडीत नाई बसत. अवसेच्या आंधी निंगन, अवस झाल्यावर येईन. अवस तिथंच काढन." आईने बोटांवर काहीतरी मोजलं, तिला या कायद्यात खोट सापडली नाही. वहिनीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत इतकी मोकळी कृतज्ञता होती की मी पाणी प्यायला उठले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ती गेली आणि खामगावात ढग आले.

पौषात ढग म्हणजे वाईट. हरभऱ्यावर अळी पडते, तुरीचा फुलोरा झडतो, फुटलेला कापूस झाडावरच काळवंडतो. बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाशी आभाळाबद्दल बोलत होते. उंद्रीला आमची थोडी शेती आहे, तिची काळजी. मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन बघायचे. आभाळ कसं चुन्याने सारवल्यासारखं. आणि मला आत कुठेतरी गोड वाटायचं. दुर्बीण इथून शेकडो कोसांवर, तिथलं आभाळ वेगळं, हे मला कळत होतं. तरी मी ढग मोजायला रोज वर जात होते. हरभऱ्याचं नुकसान आणि माझं सुख एकाच आभाळातून येत होतं. आपलं सुख कशाकशावर उगवू शकतं ते मी तेव्हा पाहिलं.

आता मी इथल्याच एका शाळेत शिकवते. वहिनी आणि दादा परदेशात जाऊन-येऊन असतात. आली की वहिनी आईसाठी बिस्किटांचे डबे आणते, माझ्यासाठी पेन. वर्गात एखादी मुलगी उत्तर येत असून हात वर करत नाही, तेव्हा मला ते लगेच कळतं. अशी मुलगी मानेने बघत नाही, फक्त डोळ्यांनी बघते, हात वर करणारीकडे. मी तिला उभी करत नाही. तास संपल्यावर जवळ बोलावून विचारते, तुला येत होतं ना उत्तर? बहुतेक मुली नाही म्हणतात.

त्या हिवाळ्यात वहिनी दुर्बिणीवरून परत आली ती जलंब जंक्शनहून येणाऱ्या छोट्या आगगाडीने. नाक लाल, ओठ फुटलेले. डोंगरावर थंडी फार होती म्हणाली. आधी पुण्याला जाऊन, कागदांची चळत घेऊन आली होती. ज्या आईला ती अवसेला बाहेर जायला नको होती, तिनेच दारात पहिला प्रश्न केला.

"दिसला काय वं तो?"

"ठाऊक नाई, आई," वहिनी म्हणाली.

आभाळ स्वच्छ मिळालं होतं तिला. तरी ठाऊक नव्हतं. रात्री जेवताना तिने सांगितलं, जिथे असायला हवा तिथे काहीतरी आहे असं वाटतं. सर म्हणतात आहे. बरोबरचा एक विद्यार्थी म्हणतो नाही, नुसता खरबरीतपणा आहे आभाळाचा. असेल तर पुढच्या हंगामात पुन्हा वेळ मागायचा आणि नीट मोजायचा. नसेल तर हा विषय बंद. पुण्याला गेल्यावर तिला आपलं मत सांगायचं होतं आणि तिचं तिलाच कळत नव्हतं. तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं. ती थकलेली दिसत होती. मला दया आली नाही. मला वाटलं, आता कळेल, न मिळणं म्हणजे काय.

रथसप्तमीला सकाळी आईने अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवलं. संध्याकाळी बायका यायच्या होत्या. दुपारी मला गच्चीवर हलव्याच्या ताटाची राखण करायला बसवलं होतं. मुंग्या लागतात. हार, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा, सगळं पातळ फडक्याखाली. पांढरे काटेरी दाणे काळ्या दोऱ्यात ओवलेले. मी त्या दागिन्यांकडे बघत होते आणि मला ते नको होते. लग्नाचा हेवा मला कधीच वाटला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आईला अजून तसंच वाटतं.

वहिनी वर आली ती काळी साडी नेसून. पदर खोचलेला, हातात कागदाची मोठी पिशवी, भिंग आणि पेन्सिल. माझ्यासमोर उन्हात बसली.

"ताई, खालून हाक येईन आता. त्याच्या आंधी एक काम करा माह्यं."

पिशवीत फोटोसारखे छाप होते. त्यांत आभाळ पांढरं आणि तारे काळे. काळ्यावर पांढरं शोधण्यापेक्षा पांढऱ्यावर काळं डोळ्याला चटकन दिसतं म्हणून असे काढतात. यात काही त्या जागेचे, काही शेजारच्या रिकाम्या आभाळाचे, काही एका रात्रीचे, काही दुसऱ्या रात्रीचे, असं तिने सांगितलं. कोणता कुठला ते तिलाही कळू नये म्हणून दुसऱ्याकडून मागे खुणा घालून घेतल्या होत्या. कामाची ती रीतच होती. जागा सांगायची नाही, काही बोलायचं नाही. ताऱ्यांमधल्या जागेत पुसटसा ठिपका दिसला तर गोल करायचा, नाही तर कागद बाजूला.

"मी कशाला?" मी म्हणाले. "दादाला दाखवा. आणखी कोणाला तरी."

"यायले दाखवलं तं मले खुश कराले हो म्हनतीन. सरायले तो पाह्यजे हाय. मले तं पाह्यजेच हाय, मले आता भिंतीवरच्या चुन्यातबी दिसून राह्यला तो." तिने छापांची चळत पत्त्यांसारखी पिसली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "तुमाले तो नको हाय, ताई. म्हनून तुमी पाहा. ज्याले नको हाय त्याले दिसला, तं तो खरा."

ऊन एकदम जास्त झाल्यासारखं वाटलं. मी म्हणाले, "मी असं कधी म्हटलं?"

"म्हना कायले लागते? मी काई बोलली का तुमी जराशा थांबता अन् मंग हसता. त्या थांबन्यात समजते." तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. भाजीत मीठ जास्त झालंय हे सांगावं तसं तिने सांगितलं. "माह्या लहान बहिनीचंबी असंच हाय. पन त्या दिवशी बाबायनं पुसलं तवा तुमी खोटं नाई बोलल्या. म्हनून तुमच्याकडं आली."

मी भिंग उचललं. दुसरं काय करणार होते?

पहिल्या छापात तारे होते, मोठे, शाईचे ठिपके पडल्यासारखे. त्यांच्यामधली जागा खरबरीत, ज्वारीच्या पिठासारखी. मी कोपऱ्यापासून सुरुवात केली, वावरातून तण काढत जावं तशी, एक एक ओळ. काही नाही. कागद बाजूला. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात नाही. माझे हात हलके होत चालले होते. मला तो दिसायला नको होता, आणि तो दिसत नव्हता, आणि यात माझा काही दोष नव्हता. मी नीट बघत होते. इतकं नीट मी परीक्षेतही कधी बघितलं नव्हतं. वहिनी हलव्याच्या ताटावरचं फडकं सारखं करत दुसरीकडे तोंड करून बसली होती. खाली आई कोणाला तरी चटया घालायला सांगत होती.

मग एका छापात, एका ठळक ताऱ्याच्या जरासं खाली, पिठात एक कण इतरांहून गडद होता.

मी फुंकर मारली. ओढणीच्या टोकाने पुसलं. रुई असेल, या दिवसांत सगळीकडे असते. गेला नाही. कागद उलटा फिरवून बघितला, डोकं खाली करून. डोळे मिटून थोडा वेळ थांबले आणि पुन्हा बघितलं. तेवढाच. तिथेच. मी तो कागद बाजूला ठेवून पुढचे घेतले. एक रिकामा, आणखी एक रिकामा. मग पुन्हा तोच ठळक तारा, तीच शेजारची तीन ताऱ्यांची वाकडी ओळ, दुसऱ्या रात्रीचा छाप असणार, कारण त्यात सगळं थोडं पसरट आलं होतं. मी ठळक ताऱ्याच्या खाली बघायचं टाळलं. आधी सगळीकडे बघितलं, चारी कोपरे, कडा. अगदी शेवटी तिथे भिंग नेलं.

मी पेन्सिल उचलली. दोन्ही छापांवर गोल केला. गोल इतका लहान झाला की कोणाला दिसला नसता. म्हणून पुन्हा, जरा मोठा केला. मग दोन्ही छाप मांडीवर पालथे घातले.

खालून आईची हाक आली, "सूनबाई, चाला वं, बाया येऊन राह्यल्या."

वहिनी वळली. तिने हात पुढे केला, पण छाप उचलले नाहीत. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मला ठाऊक नाही. तिच्या ओठांच्या भेगा ताणल्या गेल्या आणि डोळ्यांत पाणी आलं.

"हाय," ती म्हणाली. "हाय ना, ताई?"